ताहितीचा शेवटचा राजा पाचवा पोमारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवा पोमारे नेमका कोण?

दक्षिण प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर राज्य करणाऱ्या पोमारे घराण्याचा हा पाचवा आणि शेवटचा राजा. जन्म ३ नोव्हेंबर १८३९. त्याची आई राणी चौथी पोमारे, म्हणजे आइमाता. तिने १८२७ ते १८७७ अशी पन्नास वर्षं राज्य केलं. थोरला भाऊ १८५५ मध्ये वारल्यामुळे वारसाहक्क याच्याकडे आला. १७ सप्टेंबर १८७७ रोजी आई गेली, आठवडाभरात याचा राज्याभिषेक झाला आणि २९ जून १८८० रोजी त्याने राज्य फ्रान्सच्या हाती दिलं. म्हणजे राज्यकारभार जेमतेम पावणेतीन वर्षं.

मग काही याद्यांमध्ये त्याची कारकीर्द १८९१ पर्यंत का दाखवतात?

कारण राज्य गेलं तरी ‘राजा’ हा किताब गेला नाही. १२ जून १८९१ रोजी मरेपर्यंत तो किताब, मानमरातब आणि राजवाडा त्याच्याकडे होते. सत्तेचा शेवट १८८० चा, किताबाचा शेवट १८९१ चा. लिहिताना यातलं काय म्हणायचं आहे ते आधी ठरवावं, नाहीतर दोन बरोबर तारखा एकमेकींना खोट्या पाडतात.

‘पोमारे’ हे नाव की पदवी?

सुरुवातीला नाव, मग घराण्याची खूण. ताहिती भाषेत ‘पो’ म्हणजे रात्र आणि ‘मारे’ म्हणजे खोकला. घराण्याच्या मूळ पुरुषाचं, म्हणजे ‘तू’ नावाच्या सरदाराचं, अपत्य क्षयाने रात्रभर खोकत गेलं. त्याची आठवण म्हणून त्याने हे नाव धारण केलं. बेटावर वडीलधाऱ्यांनी अशी शोकाची नावं घेण्याची रीत होती.

ही राजेशाही फार प्राचीन होती का?

नाही, आणि ही गोष्ट पुढचं सगळं समजायला महत्त्वाची आहे. अठराव्या शतकापर्यंत ताहितीत जिल्ह्याजिल्ह्यांचे सरदार होते. त्यांना ‘आरिइ’ म्हणत. लाल पिसांचा कमरपट्टा, ‘मारो उरा’, ही श्रेष्ठ सरदारकीची खूण होती आणि तिच्यावर दावा सांगणारी घराणी एकाहून जास्त होती. युरोपी जहाजं, बंदुका आणि १७९७ मध्ये आलेले लंडन मिशनरी सोसायटीचे पाद्री यांच्याशी जुळवून घेत पोमारे घराणं वर आलं. १८१५ मध्ये दुसऱ्या पोमारेने फेइ पीच्या लढाईत विरोधक मोडले, तेव्हा कुठे ताहितीवर एकछत्री राजा झाला. १८८० पर्यंत मोजली तर ही राजेशाही पासष्ट वर्षांची. दक्षिणेकडच्या तेवा कुळाला पोमारे शेवटपर्यंत बरोबरीचे किंवा नवखेच वाटत.

राज्यात कोणती बेटं येत होती?

ताहिती, मोओरेआ, आसपासची तेतिआरोआ आणि मेहेतिआ ही छोटी बेटं, तुआमोतू समूहातली प्रवाळबेटं, आणि दक्षिणेला तुबुआई व राइवावाए. आज फ्रेंच पॉलिनेशिया म्हणतात ते सगळं त्यात धरू नका. मार्केसास बेटं फ्रान्सने १८४२ मध्येच वेगळी घेतली होती. वायव्येकडची राइआतेआ, हुआहिने आणि बोराबोरा ही स्वतंत्र राज्यं होती आणि १८४७ च्या जाहीरनाम्याने फ्रान्स व ब्रिटन या दोघांनीही त्यांचं स्वातंत्र्य मान्य केलेलं होतं. ‘१८८० मध्ये फ्रान्सने बोराबोरा घेतलं’ असं वाक्य दिसलं तर ते चुकीचं आहे.

१८८० च्या आधी फ्रान्स तिथे होताच ना?

होता, अडतीस वर्षं. १८३६ मध्ये लाव्हाल आणि कारे या दोन फ्रेंच कॅथलिक पाद्र्यांना ताहितीतून घालवून दिलं गेलं. त्याची ‘भरपाई’ मागायला १८३८ मध्ये द्युप्ती-थुआर हा आरमारी अधिकारी आला आणि २,००० पियास्तर, म्हणजे चांदीची नाणी, घेऊन गेला. सप्टेंबर १८४२ मध्ये तो ॲडमिरल होऊन पुन्हा आला. या वेळी मागणी होती १०,००० पियास्तरांची. पैसे नाहीतर बेटाचा ताबा, असा पेच टाकून त्याने संरक्षणाची विनंती लिहून घेतली. काही सरदारांनी आधी सह्या केल्या. राणी त्या वेळी मोओरेआवर होती. तिच्यापुढे कागद नंतर आला.

१८४३ मध्ये ॲडमिरलने राणीला पदच्युत करून बेट सरळ फ्रान्सचं आहे असं घोषित केलं. पॅरिसने ते नामंजूर केलं, पण तोवर ठिणगी पडली होती. ब्रिटिश वाणिज्यदूत प्रिचर्ड याला अटक करून बेटाबाहेर काढल्यामुळे लंडन आणि पॅरिस यांच्यात युद्धाची भाषा सुरू झाली. इकडे ताहितीचे लोक १८४४ पासून लढले. १७ एप्रिल १८४४ ला माहाएना इथे समोरासमोर लढाई झाली. तिथे हार झाल्यावर त्यांनी डोंगरदऱ्या धरल्या. डिसेंबर १८४६ मध्ये फाउताउआ खोऱ्यातला वरचा किल्ला पडला तेव्हा लढा संपला. राइआतेआवर गेलेली राणी १८४७ च्या सुरुवातीला परतली आणि फ्रेंच संरक्षणाखाली गादीवर बसली.

पाचव्या पोमारेच्या हाती १८७७ मध्ये आलं ते हे असं राज्य होतं. परराष्ट्र व्यवहार फ्रेंचांकडे. १८६६ च्या कायद्यानंतर जमिनीचे दावे सोडले तर न्यायही बराचसा फ्रेंच न्यायालयांकडे.

२९ जून १८८० च्या कागदात काय लिहिलं आहे?

कागद लहान आहे, पण शब्दन् शब्द वाचण्यासारखा आहे. त्यात राजा म्हणतो की राज्याचा कारभार आणि आपले सर्व हक्क व अधिकार आपण पूर्णपणे आणि कायमचे फ्रान्सच्या हाती सोपवत आहोत. त्यानंतर येतात अटी. लोकांवर राज्य करताना ताहितीचे कायदे आणि रूढी लक्षात घ्याव्यात. किरकोळ खटले जिल्हा-मंडळांनीच चालवावेत, म्हणजे लोकांना लांबचा प्रवास आणि न झेपणारा खर्च करावा लागणार नाही. जमिनीचे सगळे प्रश्न देशी न्यायालयांकडेच राहावेत. राजाचा किताब आणि मान त्याच्याकडे राहील. कोपऱ्यात फ्रेंच तिरंगा असलेला ताहितीचा झेंडा, त्याला वाटेल तेव्हा, राजवाड्यावर फडकेल. आणि १८६६ च्या कायद्याने मिळालेला माफी देण्याचा हक्क त्याच्याकडे असावा.

आता क्रियापदं पाहा. किताबाबद्दल तो म्हणतो ‘आम्ही राखून ठेवतो’. रूढी, जिल्हा-मंडळं आणि जमीन यांच्याबद्दल मात्र म्हणतो ‘आम्ही विनंती करतो’, ‘आमची इच्छा आहे’. स्वतःच्या मानाची गोष्ट हक्काच्या भाषेत आणि रयतेच्या गोष्टी विनंतीच्या भाषेत. पुढे काय टिकलं आणि काय वाहून गेलं, त्याचा अंदाज इथेच येतो. आमच्या मते संपूर्ण प्रकरणातली ही सगळ्यात बोलकी आणि सगळ्यात दुर्लक्षित बाब आहे.

याला ‘राज्य खालसा केलं’ म्हणायचं की ‘विलीनीकरण’?

मराठीत ‘खालसा’ म्हटलं की सातारा आठवतं: वारस नामंजूर, हुकूम सुटला, संस्थान गेलं. ताहितीत असा एकतर्फी हुकूम नव्हता. राजाने आणि सरदारांनी सह्या केलेला दस्त होता. ‘विलीनीकरण’ म्हटलं तर उलट बाजूला झुकतं, जणू दोन बरोबरीचे पक्ष एकत्र आले. ‘सशर्त हस्तांतरण’ हा शब्द रुक्ष आहे, पण कागदाशी प्रामाणिक आहे. दबावाखालचं हस्तांतरण म्हटलंत तर आणखी बरोबर.

मग त्याने सही का केली?

एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चार गोष्टी एकत्र आल्या.

पहिली, सत्ता उरलीच नव्हती. जे हातात नाही ते सोडायला फारसा विरोध होत नाही.

दुसरी, वारसाचा प्रश्न. राणी मारौशी त्याचं पटत नव्हतं आणि तिच्या मुलांचं पितृत्व तो नाकारत होता. मारौ ही सॅमन कुटुंबातली, वडील इंग्रज व्यापारी, आई तेवा कुळातली थोर सरदारीण आरिइताइमाई. इंग्रजी नात्यागोत्याचं हे कुटुंब गादीजवळ येणं फ्रेंचांना धोक्याचं वाटत होतं.

तिसरी, बाहेरची घाई. पनामा कालव्याच्या बेताने पापेएते या ताहितीच्या मुख्य बंदराचा भाव वाढला होता आणि जर्मन व ब्रिटिश व्यापारी आजूबाजूच्या बेटांवर हातपाय पसरत होते. फ्रेंच आयुक्त इझिदोर शेसे याने हीच भीती दाखवून राजाला आणि सरदारांना राजी केलं. त्याला राजाचा मृत्यू आणि त्यानंतरचा वारसाचा वाद टाळून काम उरकायचं होतं.

चौथी, पैसा.

म्हणजे त्याने राज्य दारू आणि पेन्शनसाठी विकलं?

हे वाक्य पर्यटन पुस्तिकांमध्ये हमखास भेटतं. पेन्शन खरी आहे: वर्षाला ६०,००० फ्रँक, शिवाय कुटुंबीयांना वेगळे छोटे तनखे. दारूही खरी आहे. एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला तो अतिमद्यपानानेच. पण राज्य विकणारा माणूस जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा कोर्टाचा हेलपाटा वाचावा म्हणून दस्तात ओळ घालत नाही. त्या ओळी सरदारांच्या आग्रहाने आल्या असं मानलं, तरी त्या आहेत आणि त्यावर त्याची सही आहे. एका माणसाच्या व्यसनावर सगळं ढकललं की अडतीस वर्षांचा आरमारी दबाव हिशेबातून गायब होतो. ही सोय कोणाची, हे वाचकाने ओळखावं.

फ्रेंच संसदेने हा दस्त कधी मंजूर केला?

३० डिसेंबर १८८० च्या कायद्याने. त्या कायद्यातली एक तरतूद वेगळी आहे: ताहितीच्या राजाच्या सगळ्या माजी प्रजाजनांना थेट फ्रेंच राष्ट्रीयत्व मिळालं. त्या काळी फ्रेंच वसाहतींतल्या बहुतेक रहिवाशांना ‘प्रजा’ धरत, नागरिक नव्हे. ताहितीच्या लोकांची कायदेशीर स्थिती त्यामुळे मार्केसास किंवा राइआतेआच्या लोकांहून निराळी झाली. जुने जन्मदाखले किंवा खटले वाचताना माणूस कोणत्या बेटाचा, हे आधी पाहावं लागतं ते यासाठी.

अटींचं पुढे काय झालं?

किताब टिकला, पेन्शन टिकली. बाकीच्या अटींना गळती लागली, आणि ती जमिनीपाशी सगळ्यात स्पष्ट दिसते.

ताहितीत जमीन कुटुंबाची असे. हद्दी ओढे, झाडं आणि ‘माराए’ नावाची दगडी देवस्थानं यांवरून ओळखत, आणि हक्क सांगायचा तर वंशावळ तोंडपाठ म्हणावी लागे. वाद झाला की ‘तोओहितू’ म्हणजे सात जणांच्या न्यायसभेपर्यंत जाई. ‘हितू’ म्हणजे सात. फ्रेंच प्रशासनाला हवी होती लेखी मालकी, म्हणजे विकता येईल आणि गहाण टाकता येईल अशी. ऑगस्ट १८८७ च्या आदेशाने लोकांना ठरावीक मुदतीत जमिनीवर दावा नोंदवायला सांगितलं. दावा छापून जाहीर व्हायचा, हरकत आली नाही तर हक्काचा कागद मिळायचा. या कागदांना लोक ‘तोमिते’ म्हणतात. ‘कमिटी’ या इंग्रजी शब्दाचं हे ताहिती रूप.

त्यात काय बिघडलं? एका कुटुंबातला जो कोणी गावात हजर होता त्याच्या नावावर सगळ्यांची जमीन लागली. दुसऱ्या बेटावर असलेल्या भावंडांना पत्ताच नव्हता. एकाच तुकड्याला दोन नावं पडली. काही ठिकाणी कोणी दावाच केला नाही, कारण आपली जमीन आपली आहे हे कागदावर लिहून देण्याची गरज कोणाला वाटेल?

मग २९ डिसेंबर १८८७ चा करार झाला: जमिनींच्या हद्दी ठरल्या आणि त्यांवरचे तंटे मिटले की देशी न्यायालयं बंद. फ्रेंच संसदेने याला १० मार्च १८९१ रोजी मंजुरी दिली. तीन महिन्यांनी राजा वारला. १८८० च्या दस्तातली सर्वांत जपलेली अट अशा रीतीने त्याच्या हयातीतच उलटली.

परिणाम आजही चालू आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाटणी न झालेल्या जमिनी, एका तुकड्यावर शेकडो वारस. आपल्याकडे सातबाऱ्यावर सामाईक खातेदारांची रांग पाहिलेल्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. अशा दाव्यांसाठी पापेएतेत २०१७ मध्ये स्वतंत्र जमीन न्यायालय सुरू करावं लागलं.

राणी मारौचं काय झालं?

लग्न २८ जानेवारी १८७५ ला झालं. ती चौदा वर्षांची, तो पस्तिशीचा. त्याचं हे दुसरं लग्न. पहिलं लग्न हुआहिनेच्या राजकन्येशी झालं होतं आणि १८६१ मध्ये मोडलं होतं. हे लग्न पोमारे आणि तेवा या दोन प्रतिस्पर्धी घराण्यांची गाठ होती, प्रेमाची गोष्ट नव्हती. जानेवारी १८८८ मध्ये घटस्फोट झाला. मारौ मात्र राजाच्या पश्चात चाळीसहून अधिक वर्षं जगली, ‘राणी’ म्हणूनच ओळखली गेली, आणि बेटाच्या जुन्या परंपरा व वंशावळी लिहून ठेवण्याचं तिचं काम आजच्या अभ्यासकांना आधाराला आहे. राजापेक्षा तिच्यावर जास्त लिहिलं जायला हवं.

पॉल गोगँने राजाचं कापलेलं शिर रंगवलं आहे. राजाला मारलं होतं का?

नाही. तो आजाराने आपल्या राजवाड्यात वारला. चित्रकार गोगँ राजाच्या मृत्यूच्या मोजके दिवस आधीच पापेएतेत उतरला होता आणि त्याने अंत्ययात्रा पाहिली. तबकात ठेवलेलं शिर दाखवणारं ‘आरिइ मातामोए’ हे चित्र त्याने १८९२ मध्ये काढलं. ती कल्पना आहे, घटनेची नोंद नव्हे. ताहितीत राजाचं शिर कापून मांडण्याची अशी काही प्रथाही नव्हती. चित्र आता लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे.

थडग्यावर दारूची बाटली आहे, हे खरं का?

खोटं. आरुए इथल्या प्रवाळी दगडाच्या मनोऱ्यावर लाल रंगाचा कलश आहे. तो ग्रीक पद्धतीचा आहे. बेनेदिक्तीन मद्याच्या बाटलीसारखा दिसतो म्हणून ही कथा पसरली. शिवाय मनोरा मुळात बांधला राणी चौथी पोमारे हिच्यासाठी, १८७९ मध्ये. पुढे मुलाने आईचे अवशेष हलवले आणि जागा स्वतःकडे घेतली. त्याबद्दल त्याला दोष द्यायचा तर जरूर द्यावा, पण बाटलीचा आरोप टिकत नाही.

त्याच्यानंतर कोणी राजा झाला का?

नाही. पुतण्या हिनोई घराण्याचा प्रमुख मानला जाई. तो १९१६ मध्ये वारला. शेजारच्या राज्यांचे दिवस मात्र नंतर भरले. राइआतेआवर फ्रान्सने १८८८ मध्ये झेंडा लावला, पण तेराउपोओ या सरदाराने १८९७ पर्यंत दाद दिली नाही. पकडल्यावर त्याला न्यू कॅलेडोनियात हद्दपार केलं.

हवाईचा कलाकाउआ आणि हा, यांत गल्लत होते. फरक काय?

कलाकाउआ हवाईचा शेवटचा राजा, पण शेवटची सत्ताधीश त्याची बहीण लिलिउओकलानी. तिला १८९३ मध्ये उठाव करून हटवलं गेलं आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं घेतली. योगायोग असा की कलाकाउआसुद्धा १८९१ मध्येच, जानेवारीत, वारला. १८८१ च्या जगप्रवासात तो मुंबईतही येऊन गेला होता. टोंगाची राजेशाही आजही चालू आहे, त्यामुळे ‘पॉलिनेशियाचा शेवटचा राजा’ असं पाचव्या पोमारेला म्हणू नये. ताहितीचा म्हणावं.

मूळ कागद वाचताना काय चुकतं?

तीन गोष्टी. राज्याभिषेकापूर्वीच्या कागदांत तो ‘आरिइआउए’ या नावाने येतो, आणि १८५५ मध्ये वारलेल्या भावाचंही तेच नाव होतं. साल पाहिल्याशिवाय माणूस ओळखू नका. दुसरी, १८४६ पूर्वीच्या तारखा. मिशनरी पूर्वेकडे प्रवास करत आले आणि त्यांनी आपलीच दिनदर्शिका चालू ठेवली, त्यामुळे ताहिती एक दिवस पुढे होतं. जहाजाच्या नोंदवहीत शनिवार असेल तर बेटावर रविवार. तिसरी, दस्ताचा ताहिती आणि फ्रेंच मजकूर शेजारी ठेवून वाचावा. फक्त फ्रेंच वाचून निष्कर्ष काढले की अर्धी बाजू सुटते.

महाराष्ट्रातून ही ठिकाणं पाहायला जायचं तर?

साधा शेंगेन व्हिसा फ्रेंच पॉलिनेशियात चालत नाही. अर्ज फ्रान्सकडेच करायचा, पण व्हिसावर फ्रेंच पॉलिनेशियासाठी वैध असल्याची नोंद हवी. इथेच बरेच जण अडकतात. अमेरिकेवरून गेलात तर फक्त विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ऑकलंडमार्गे गेलात तर न्यूझीलंडचे नियम आधी तपासा. भारतीय वेळ ताहितीच्या साडेपंधरा तास पुढे आहे, त्यामुळे आरक्षण करताना तारीख दोनदा पाहा. चलन पॅसिफिक फ्रँक, दर बांधलेला: एका युरोला ११९.३३.

थडगं पापेएतेपासून पूर्वेला सुमारे पाच किलोमीटरवर, आरुएत, समुद्राच्या काठाला आहे. राजवाडा शोधू नका, तो १९६० च्या दशकात पाडला गेला आणि त्या जागी आज विधानसभेची इमारत आहे. तो कसा दिसे हे पाहायचं तर पापेएतेची नगरपालिका पाहावी. तिची इमारत त्या राजवाड्याच्या धर्तीवर बांधलेली आहे.

२९ जूनला तिथे सुट्टी असते का?

१९८५ पासून २९ जून ‘स्वायत्तता दिन’ म्हणून साजरा होत आला. ज्या दिवशी राज्य गेलं त्याच दिवशी उत्सव कसला, असा स्वातंत्र्यवाद्यांचा आक्षेप पहिल्यापासून होता, आणि त्या दिवशी ते आपला वेगळा मेळावा भरवत. आता ती सार्वजनिक सुट्टी काढून २० नोव्हेंबरला दिली आहे. त्या सुमारास संध्याकाळी पूर्व क्षितिजावर कृत्तिका उगवतात आणि ताहितीच्या जुन्या पंचांगात सुगीचा काळ सुरू होतो.